चित्रकार राजा : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

आटपाडी आज सांगली जिल्ह्यातील एक तालुका म्हणून ओळखली जाते. परंतु मार्च १९४८ पर्यंत आटपाडी महालाचा कारभार औंधहून चालत असे. औंध हे गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. औंध संस्थान म्हणजे नकाशावर सलग दिसणारे राज्य नव्हते. अवघ्या ७२ गावांचे हे संस्थान औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा तुकड्यांत विखुरलेले होते. त्यांतला आटपाडीचा तुकडा माणदेशातला. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, पिके ज्वारी-बाजरीची आणि माळावर मेंढरांचे कळप. उत्पन्नाच्या मानाने हे संस्थान दक्षिणेतील लहान संस्थानांत गणले जाई. तरीही भारतीय चित्रकलेच्या इतिहासात औंधचे नाव बडोदे आणि म्हैसूर यांच्या शेजारी घेतले जाते, याचे कारण एक राजा. श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रे काढीत, इतरांकडून काढवून घेत, विकत घेत, छापून प्रसिद्ध करीत, आणि अखेरीस ती सर्व चित्रे त्यांनी एका डोंगरावर नेऊन लोकांसाठी मांडून ठेवली.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. ते धाकटे पुत्र असल्याने गादी आपल्याकडे येईल असे त्यांनी गृहीत धरण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले, त्या काळच्या राजपुत्रांत ही गोष्ट विरळाच. पुढे वडिलांच्या हाताखाली मुख्य चिटणीस म्हणून त्यांनी कारभाराचा अनुभव घेतला. वडिलांनंतर थोरले बंधू आणि त्यांच्यानंतर पुतणे गादीवर आले. पुतण्यास इंग्रज सरकारने दूर केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. गादीची वाट पाहण्यात न गेलेली ही चाळीस वर्षे चित्रकलेच्या दृष्टीने फुकट गेली नाहीत. कुंचला त्यांच्या हाती राज्यापूर्वी आला होता, आणि राज्य आल्यावरही तो खाली ठेवला गेला नाही.

ते ज्या काळात वाढले तो काळ महाराष्ट्रात चित्रांच्या क्रांतीचा होता. त्यापूर्वी चित्र म्हणजे वाड्याच्या भिंतीवर, देवळाच्या मंडपात किंवा चित्रकथी गावोगाव फिरवीत त्या पोथीत दिसणारी वस्तू. ते विकत घेऊन घरी टांगावे, ही कल्पना सामान्य माणसास नव्हती. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला आणि देवदेवतांची, ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची रंगीत चित्रे बाजारात आली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईजवळ घाटकोपर येथे आपला छापखाना सुरू केला. तैलचित्रासारखी चकाकी असलेल्या त्या छापांनी लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांना घराघरांत नेले. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलविण्यात आला. मळवली म्हणजे भाजे आणि कार्ले येथील बौद्ध लेण्यांच्या पायथ्याचे स्थानक. वर डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आणि खाली पुराणातील देवतांचे हजारो छाप काढणारी यंत्रे, असा योग तेथे जुळून आला होता.

या छापील चित्रांनी एक मोठी गोष्ट केली, आणि तिच्याकडे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावयास हवे. देवळाच्या गाभाऱ्यातील मूर्तीचे दर्शन जन्मावर अवलंबून होते. बाजारातील चित्र पैशावर अवलंबून होते. पैसा हाही अडसर आहेच. पण तो जन्माइतका अभेद्य नाही. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते त्यांच्या झोपडीतही जत्रेत घेतलेले चित्र चिकटविले जाऊ लागले.

चित्रकारांच्या पोटापाण्याचा प्रश्नही याच काळात नवे रूप घेत होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढे मिळकतीच्या वाटा थोड्याच होत्या. संस्थानिकांची आणि धनिकांची व्यक्तिचित्रे रंगविणे ही पहिली. छापखान्यांसाठी, पुस्तकांसाठी चित्रे काढणे ही दुसरी. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र मांडून ग्राहकाची वाट पाहणे ही तिसरी. त्यात छायाचित्रणाने स्पर्धा आणली. जो चेहरा रंगविण्यासाठी चित्रकारास कित्येक बैठका लागत, तो कॅमेरा क्षणात टिपू लागला. शहाण्या चित्रकारांनी कॅमेऱ्याशी भांडण न करता त्यालाच जोडीला घेतले. एकाच दुकानात छायाचित्रे काढावयाची आणि त्यांवरून मोठी तैलचित्रेही रंगवावयाची, असा व्यवसाय अनेकांनी केला.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे अशांपैकी एक. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु ते जे. जे. कलाशाळेचे पदक मिळविलेले चित्रकार होते आणि लाहोर येथे चित्रकलेचा व छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवून त्यांनी उदरनिर्वाह केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राजकीय मतांमुळे सरकारची वक्रदृष्टी झालेल्या या माणसाला बाळासाहेबांनी आश्रय दिला. १९१८ पासून ते औंधचे रहिवासी झाले आणि तेथेच त्यांचे स्वाध्याय मंडळ उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथाही जवळपास अशीच आहे. नांगर आणि यंत्रे निर्माण करणारे हे उद्योगपती तरुणपणी जे. जे.मध्ये चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांतील भेद नीट दिसत नाहीत असे ध्यानी आल्यावर ते यंत्रांकडे वळले. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजाने कुंडलजवळचा माळ त्यांना दिला आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. एका छोट्या संस्थानात एक राजा, एक वेदपंडित आणि एक कारखानदार असे तिघे, आणि तिघांचाही आरंभ कुंचल्यापासून, हा योगायोग मला नेहमी मोठा मौजेचा वाटत आला आहे.

१९१६ मध्ये बाळासाहेबांचे चित्ररामायण मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमधून छापून प्रसिद्ध झाले. रामकथेतील प्रसंगांवर त्यांनी स्वतः रंगविलेली साठ चित्रे त्यात आहेत. राजाने राज्यकारभार सांभाळून साठ चित्रांची मालिका पूर्ण करावी, ती उत्तम छपाईने ग्रंथरूपात आणावी आणि चित्रांच्या बळावर कथा सांगावी, हा त्या काळी एक नवा प्रयोग होता. चित्रकार म्हणून बाळासाहेबांची योग्यता रविवर्मा किंवा रावबहादूर धुरंधर यांच्या बरोबरीची होती, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या आकृती कित्येकदा ताठर वाटतात, आणि नाट्यापेक्षा निवेदनाकडे त्यांचा ओढा अधिक आहे. कीर्तनाची त्यांना मनापासून आवड होती आणि ते स्वतः कीर्तने करीत. त्यांच्या चित्रांतही कीर्तनकाराचाच स्वभाव उतरला आहे. समोरच्या श्रोत्याला कथा नीट कळली पाहिजे, ही त्यांची पहिली चिंता.

पण साठ रंगीत चित्रांचा ग्रंथ कितीही आस्थेने काढला, तरी तो आटपाडीच्या मेंढपाळाच्या किंवा कुंडलच्या शेतमजुराच्या हाती पडणे शक्य नव्हते. आणि रामाच्या चित्राचा प्रश्न केवळ किमतीचाही नव्हता. हा ग्रंथ निघाल्यावर चौदा वर्षांनी, १९३० मध्ये, नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारापुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो सुमारे पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. जो राम पुस्तकात कोणासही पाहता येत होता, तो देवळात पाहता येत नव्हता. बाबासाहेबांनी पुढे त्या दाराकडे पाठ फिरविली आणि आपल्या लोकांना निराळ्या वाटेने नेले. बाळासाहेबांच्या चित्रकर्माचे मोल ठरविताना हा संदर्भ विसरून चालणार नाही. त्यांचे विश्व पुराणांचे होते, आणि त्या विश्वाची दारे त्यांच्याच काळात आपल्यासाठी बंद होती.

रामायणानंतर त्यांनी महाभारताचा ध्यास घेतला. सचित्र महाभारत काढावे, ही त्यांची मूळ इच्छा. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेस त्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. औंधच्या तिजोरीच्या मानाने ही रक्कम केवढी मोठी होती, हे निराळे सांगावयास नको. सचित्र आवृत्तीच्या या इच्छेतून जे कार्य उभे राहिले ते मात्र अपेक्षेपलीकडचे ठरले. देशभरातील हस्तलिखिते गोळा करून, त्यांतील पाठ ताडून पाहून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम संस्थेने हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्या खंडांच्या शीर्षकपृष्ठावर संपादकाच्या नावाबरोबर, प्राचीन नमुन्यांच्या आधारे चित्रे काढणारा म्हणून औंधाधिपतींचेही नाव छापलेले आहे. प्राचीन नमुन्यांच्या आधारे, हे शब्द महत्त्वाचे होत. महाभारतकालीन स्त्रीपुरुषांना एकोणिसाव्या शतकातील साड्या आणि पगड्या घालून चालणार नाही, जुन्या शिल्पांत आणि भित्तिचित्रांत त्यांची वस्त्रे, अलंकार, आसने शोधली पाहिजेत, अशी ही दृष्टी होती.

आणि जुने नमुने शोधू जाणारा चित्रकार महाराष्ट्रात शेवटी कोठे पोहोचतो? तो लेण्यांत पोहोचतो. बाळासाहेबही तेथेच पोहोचले. वेरूळवरील त्यांची सचित्र मार्गदर्शिका १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावरील १९३२ मध्ये मुंबईहून इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मला त्यांच्या साऱ्या ग्रंथकार्यात ही दोन पुस्तके अधिक मोलाची वाटतात.

त्यापूर्वी अजिंठ्याच्या चित्रांचे काय झाले होते, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. १८१९ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. १८४४ पासून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने तेथे राहून वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या नकला केल्या. लेण्यांची छायाचित्रेही त्याने घेतली. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतील अनेकांची पुन्हा आगीत राख झाली. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार तेथे नकला करावयास आले. तात्पर्य, अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे पाहण्यासाठी जगभरातून माणसे येत होती, नकला समुद्रापार जात होत्या आणि जळत होत्या. ज्या प्रदेशात ही चित्रे आहेत तेथील साध्या प्रवाशास मात्र समोरच्या भिंतीवर काय चालले आहे हे सांगणारे सुटसुटीत पुस्तक सहजी मिळत नव्हते.

या चित्रांत काय आहे, हे आपल्या वाचकांस सांगण्याची गरज नसावी. तरी चित्रकाराच्या नजरेने त्यांकडे पाहण्याचा आनंद निराळा आहे. दहाव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीचे जातक आहे. ते सातवाहनांच्या काळातील, म्हणजे भारतातील सर्वांत जुन्या भित्तिचित्रांपैकी एक. पहिल्या लेण्यात निळे कमळ हाती धरलेला पद्मपाणी बोधिसत्त्व आहे. खाली झुकलेली त्याची दृष्टी आणि किंचित कललेली मान यांतून करुणा ज्या रीतीने प्रकट होते, तिला रंगरेषांच्या जगात तोड नाही. सतराव्या लेण्यात भगवान बुद्ध भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूत आपल्याच दारी आले आहेत. समोर यशोधरा आणि राहुल. चित्रकाराने बुद्धांची आकृती प्रचंड काढली आहे आणि आई-मुलाची लहान. मान उंचावून पाहणाऱ्या त्या दोघांच्या चेहऱ्यांत पाहणारा गुंतून राहतो. राजवाड्यातील सुखांचे चित्रण आणि त्या सुखांचा त्याग, दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच हाताने रंगविलेली. ही चित्रे कोणा राजाने आपल्या दिवाणखान्यासाठी काढवून घेतलेली नव्हती. ती विहारात होती. वर्षावासात राहणारे भिक्षू, वाटेने येणारे व्यापारी आणि दर्शनास येणारे उपासक, सर्वांसाठी ती उघडी होती. पुराणकथांत आयुष्य घालविलेल्या एका ब्राह्मण राजाने या भूमीतील श्रेष्ठ चित्रकला बौद्ध विहारांच्या भिंतींवर आहे हे ओळखले आणि सामान्य प्रवाशाच्या हाती देण्याजोगे पुस्तक लिहून ते सांगितले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

राजवाड्यात साठत गेलेल्या संग्रहाचे काय करावयाचे, हा प्रश्न बाळासाहेबांपुढे होताच. संग्रह करणारे संस्थानिक पुष्कळ होते. चित्रे विकत घ्यावीत, सोनेरी चौकटीत बसवावीत आणि पाहुण्यांस दाखवावीत, ही सर्वत्र रूढ असलेली रीत. बाळासाहेबांनी ती मोडली. औंधमध्ये यमाई देवीच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालयासाठी स्वतंत्र इमारत बांधविली. १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उघडले. दालनांत दिवसाचा प्रकाश वरून, छतातून यावा आणि तो थेट चित्रावर न पडता पसरून मिळावा, अशी योजना इमारतीतच केलेली आहे. तैलरंगांवर ऊन पडले की रंग उडतो, आणि उजेड समोरून आला की काचेवर वा वार्निशवर चकाकी येऊन चित्र दिसेनासे होते. स्वतः चित्रे काढणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते, आणि ज्याने केवळ विकत घेतली त्याला ते बहुधा ठाऊक नसते.

या संग्रहात राजा रविवर्मा आहेत, रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर आहेत आणि त्यांच्या पिढीतील इतर महाराष्ट्रीय चित्रकारही आहेत. पहाडी, राजस्थानी आणि मोगल शैलींतील लघुचित्रे आहेत. हस्तिदंत, चंदन आणि धातू यांतील कारागिरी आहे. संस्थानाच्या आश्रयास असलेल्या पाथरवटांनी घडविलेली सहा ऋतूंची शिल्पे आहेत. पाश्चात्त्य चित्रशिल्पांच्या प्रतिकृती आहेत, कारण युरोपास जाऊन मूळ कृती पाहणे औंधच्या रयतेस शक्य नव्हते. प्रतिकृतींबरोबर एक अस्सल वस्तूही आहे: इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालक हे पाषाणशिल्प. ज्या शिल्पकाराच्या कृतींसाठी जगातील मोठमोठी संग्रहालये चढाओढ करीत आली, त्याची एक कृती खटाव तालुक्यातील एका खेड्यात आहे. हे सांगितल्यावर अजूनही पुष्कळांचा विश्वास बसत नाही.

चित्र विकत घेणे हा एका माणसाचा अधिकार आहे. चित्र पाहणे हा कोणाचाही असू शकतो. बाळासाहेबांनी आयुष्यभर चित्रे विकत घेतली ती शेवटी पाहणाऱ्यांच्या हवाली करण्यासाठी. ज्या डोंगरावर हे घडले त्याच डोंगरावर देवीचे देऊळही आहे. देऊळ आणि संग्रहालय यांच्या दारांत मूलतः एक भेद असतो. देवळाच्या दाराशी माणसाची जात विचारण्याची रूढी या देशात शतकानुशतके चालत आली. संग्रहालय नावाच्या संस्थेच्या घडणीतच तो प्रश्न नाही. तेथे येणाऱ्याकडे डोळे असले म्हणजे पुरे.

ज्या वर्षी संग्रहालय उघडले त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, बाळासाहेबांनी आपली राजसत्ताही प्रजेच्या स्वाधीन करण्याचे घोषित केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. ग्रामपंचायत हा तिचा पाया. राजाचे बॅरिस्टर पुत्र अप्पासाहेब आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन हे या प्रयोगाचे आधारस्तंभ होते. फ्रिडमन यांच्याच कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुल्या कैद्यांची वसाहत उभी राहिली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतींवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागली. याच तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात तो गौरविला गेला. आटपाडीच्या माळाचे चित्र असे जगाने पाहिले.

या दोन माणसांचा पुढील मार्ग आपल्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजनैतिक अधिकारी झाले. १९५६ मध्ये, भगवान बुद्धांच्या अडीच हजाराव्या जयंतीच्या समारंभासाठी दलाई लामा सिक्कीममार्गे भारतात आले, तेव्हा गंगटोक येथे भारत सरकारचे प्रतिनिधी अप्पासाहेबच होते. त्याच वर्षी नागपुरात आपला समाज धम्माच्या छायेत आला. आणि १९५९ नंतर तिबेटातून परागंदा झालेल्या बौद्ध निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी फ्रिडमन यांनी पुढील आयुष्यातील कित्येक वर्षे वेचली.

मात्र औंधच्या प्रयोगाचे गुणगान करताना आटपाडीच्या महारवाड्यातून तो कसा दिसत असेल, हेही विचारले पाहिजे. गावाच्या हाती सत्ता देणे म्हणजे गावात ज्यांचे वजन आहे त्यांच्या हाती सत्ता देणे होय, हा धोका बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्टपणे मांडला होता. खेडे हे त्यांच्या मते संकुचितपणाचे घर होते आणि म्हणून घटनेचा घटक त्यांनी गाव न धरता व्यक्ती धरली. औंधच्या घटनेने गावाला मान दिला. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीला गाव काय देणार, हा प्रश्न त्या घटनेने सुटला नव्हता. राजाचा हेतू निर्मळ होता यात शंका घेण्याचे कारण नाही. तरीही काय रंगवावयाचे, काय विकत घ्यावयाचे आणि कोणत्या भिंतीवर काय लावावयाचे हे राजाच ठरवीत होता, तसेच राज्य केव्हा आणि कोणाला द्यावयाचे हेही.

शंकरराव खरात यांचा जन्म ११ जुलै १९२१ रोजी याच आटपाडीच्या महारवाड्यात झाला. वडील गावची तराळकी करीत. शंकररावांचे प्राथमिक शिक्षण आटपाडीस आणि माध्यमिक औंधला झाले. पुढे पुण्यात उच्च शिक्षण घेऊन ते वकील झाले, बाबासाहेबांच्या चळवळीत आले, प्रबुद्ध भारताचे संपादक आणि मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एकोणपन्नास वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, इंदूर येथील संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांनी भूषविले होते. एकाच संस्थानातील राजा आणि तराळाचा मुलगा एकाच पदावर पोहोचले. राजाच्या राज्यातील शाळेने या मुलाला शिकविले हे खरे. पण गावाने त्याला कसे वागविले याची साक्ष त्याच्याच तराळ-अंतराळ या आत्मकथनात आहे, आणि ते चित्र राजाच्या कोणत्याही दालनात टांगलेले नव्हते. ते शंकररावांना स्वतः रेखाटावे लागले. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर हे औंध सरकारच्या कारकुनाचे पुत्र, लेखक आणि हाडाचे चित्रकार. माणदेशातील साध्या माणसांची रेखाचित्रे त्यांनीही शब्दांत उतरविली. रयतेचे चित्र असे रयतेनेच काढले. १९५६ नंतर आपल्या घरांच्या भिंतींवर जत्रेतील जुन्या चित्रांच्या जागी बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चित्र आले, तेव्हाही ते कोणी वरून दिलेले नव्हते. ते आपण निवडले होते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीच्या त्या वर्षात सातवळेकरांनी औंध सोडले आणि गुजरातमधील पारडी येथे आपले मंडळ हलविले. राज्य गेल्यावर बाळासाहेब तीन वर्षे जगले. शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू करणारा, व्यायामावर पुस्तके लिहिणारा हा राजा १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी निवर्तला. त्यांनी ज्याचा आरंभ करून दिला ती महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी पूर्ण झाली.

डोंगरावरचे संग्रहालय आज महाराष्ट्र शासनाच्या ताब्यात आहे आणि सर्वांसाठी खुले आहे. आटपाडीकडून वडूजमार्गे औंधला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील चित्रे छतातून झिरपणाऱ्या दिवसाच्या उजेडात पाहण्यासाठी मांडलेली आहेत. म्हणून मुलांना घेऊन जावयाचे तर सकाळीच निघावे आणि रविवर्म्याच्या दालनातच सारा वेळ न घालविता हेन्री मूरच्या त्या दगडी मातेपाशीही थोडे थांबावे.